विरजण, साथ आणि स्थिरांक

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत एका माजी विद्यार्थ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेने मला आज या व्यासपीठावर बोलावले, याचा आनंद तर आहेच. पण थोडे दडपणही आहे. या शाळेत मी अनेकदा उभा राहिलो, मात्र ते बहुतेक वेळा बाकावर. बोलण्यासाठी उभे राहण्याची ही पहिलीच वेळ. गेली तीस वर्षे मी लखनौमध्ये गणित शिकवतो. त्या शहराला मराठी माणूस अपरिचित नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली तेथे संगीताचे महाविद्यालय सुरू झाले आणि आज त्यांचेच नाव धारण करून ते विद्यापीठ म्हणून उभे आहे. आडनावावरून मी महाराष्ट्रातला आहे हे कळले, की तेथील मंडळी पहिल्यांदा विचारतात, ‘आप गाते हैं?’ गात नाही, गणित शिकवतो, असे सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी सहानुभूती उमटते, तिचीही मला आता सवय झाली आहे.

आजचा माझा विषय आहे, सजीवांना समजून घेण्यासाठी गणिताचा उपयोग. विषय मोठा आहे. त्यामुळे मी चारच गोष्टी सांगणार आहे. पहिली या शाळेतली, दुसरी लखनौची, तिसरी मुंबईची आणि चौथी पुण्याची. मधे एक प्रसंग माझ्या स्वतःच्या चुकीचा आहे. तो सांगण्यासाठीच खरे तर मी आलो आहे.

पहिली गोष्ट विरजणाची. नववीत असताना आमच्या गणिताच्या सरांनी एकदा फळ्यावर काहीही न लिहिता प्रश्न विचारला. एक चमचा विरजण घातले तर भांडेभर दूध सहा तासांत लागते. दोन चमचे घातले तर किती तासांत लागेल? आम्ही सर्वांनी एका सुरात उत्तर दिले, तीन तासांत. त्रैराशिक आमच्या अंगात इतके भिनले होते, की दुसरे उत्तर असू शकेल अशी शंकाही कोणाला आली नाही. सर हसले आणि म्हणाले, आज घरी करून बघा.

त्या रात्री गावातल्या बऱ्याच घरांतले दूध नासले आणि बऱ्याच मुलांनी आईची बोलणी खाल्ली. पण ज्यांच्या घरी दही नीट लागले, त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितले की फारसा फरक पडला नाही. मग सरांनी खडू हातात घेतला. विरजणात असतात ते जिवंत जंतू. एकाचे दोन होतात, दोनाचे चार, चाराचे आठ. समजा, दर तासाला त्यांची संख्या दुप्पट होते आणि दही लागण्यासाठी सहा दुपटी व्हाव्या लागतात. म्हणजे सहा तास. तुम्ही एकाऐवजी दोन चमचे घातले, तेव्हा एक दुप्पट तुम्ही स्वतःच्या हाताने केली. उरल्या पाच. म्हणून पाच तास लागतील, तीन नव्हे. चार चमचे घातले तरी चार तास.

सरांनी पुढचा प्रश्न विचारला. थंडीत विरजण उशिरा का लागते? कारण थंडीत दुपटीला एका तासाऐवजी दोन तास लागतात. तेव्हा सहा दुपटींना बारा तास. थंडीत चमचा वाढवून आपण एका दुपटीपुरता वेळ वाचवतो; पण भांडे उबदार कापडात गुंडाळून ठेवले तर प्रत्येक दुपटीचा वेळ वाचतो. घरोघरच्या आया पिढ्यान्‌पिढ्या भांडे गुंडाळून चुलीशेजारी ठेवत आल्या, त्यामागे हे गणित होते. आणि शेवटचा प्रश्न असा की, जंतू दुप्पट होतच राहिले तर सारे जग दह्यात का बुडत नाही? कारण दूध आंबट होत जाते आणि त्या आंबटपणातच जंतूंची वाढ थांबते. त्यांची वाढच त्यांच्या वाढीला आवर घालते.

सुरुवातीची संख्या किती, यापेक्षा वाढीचा वेग काय आहे हे महत्त्वाचे. तो वेग परिस्थितीनुसार बदलतो. आणि वाढ कशाने तरी थांबते. एवढे तीन धडे मी या शाळेत, मराठीत, एका भांड्यातल्या दुधावर शिकलो. पुढे विद्यापीठात त्याच गोष्टींना भारदस्त नावे मिळाली. पण ती समीकरणे पाहताना मला प्रत्येक वेळी आमच्या स्वयंपाकघरातले ते झाकलेले भांडेच आठवले.

दुसरी गोष्ट लखनौची. गोमतीच्या काठी छत्तर मंझिल नावाचा नवाबी काळातला राजवाडा आहे. १९५१ साली त्या राजवाड्यात केंद्रीय औषधी संशोधन संस्था सुरू झाली आणि अनेक दशके तिचे काम तेथूनच चालले. या संस्थेत डॉ. नित्या आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुटुंबनियोजनासाठी एक गोळी शोधून काढली. ती ‘सहेली’ या नावाने बाजारात आली आणि पुढे ‘छाया’ या नावाने सरकारी कार्यक्रमातही दाखल झाली. कुटुंबनियोजनाच्या इतर गोळ्या रोज घ्याव्या लागतात. ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि त्यानंतर आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. असे का, याचे उत्तर दहावीच्या वर्गात देता येते.

औषध पोटात गेले की शरीर ते हळूहळू बाहेर टाकू लागते. जेवढे औषध शरीरात असेल, त्याच्या ठरावीक अंशाइतके ते कमी होत जाते. निम्मे उरायला जो काळ लागतो, त्याला अर्धायुकाल म्हणतात. अनेक औषधांचा अर्धायुकाल काही तासांचा असतो, म्हणून डॉक्टर दिवसातून तीनदा गोळी घ्यायला सांगतात. ‘सहेली’तील द्रव्याचा अर्धायुकाल सुमारे एक आठवडा आहे. आता हिशेब करू. पहिल्या गोळीनंतर शरीरात एक भाग औषध आहे. आठवड्याने अर्धा भाग उरतो आणि दुसरी गोळी घेतल्यावर दीड भाग होतो. पुढच्या आठवड्याने त्याचे पाऊण आणि नव्या गोळीचा एक, म्हणजे पावणेदोन. असे करत तो आकडा दोनाच्या जवळ जवळ जातो, पण दोन ओलांडत नाही. हीच आपली भूमिती श्रेढी. आठवड्यातून दोनदा गोळी घेतली, तर दोन गोळ्यांच्या मधल्या काळात सुमारे एकाहत्तर टक्के औषध उरते आणि बेरीज साधारण तीन पूर्णांक चार भागांकडे जाते. म्हणजे आरंभी साठा भरभर वाढवायचा आणि मग आठवड्याला एका गोळीने तो सांभाळायचा. हा हिशेब समजण्यापुरता सोपा केलेला आहे. प्रत्यक्ष शरीर एक भांडे नसून एकमेकांशी जोडलेल्या अनेक भांड्यांसारखे असते. तरीही मूळ विचार हाच.

माझ्या वर्गातल्या मुलींना हे उदाहरण मी दर वर्षी सांगतो. आपल्याच शहरात, आपल्याच अभ्यासक्रमातल्या श्रेढीवर एक औषध चालते, हे कळल्यावर वर्गात जी शांतता पसरते, तिच्यासारखे समाधान शिक्षकाला दुसरे नाही.

आता तिसरी गोष्ट, मुंबईची. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढे त्या रोगाने महाराष्ट्रात काय केले, हे आपल्याला माहीत आहे. १८९७ च्या मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला. त्याच वर्षी जूनमध्ये रँडचा वध झाला. घरे रिकामी करून गावाबाहेर झोपड्यांत राहायला गेलेल्या कुटुंबांच्या आठवणी अजूनही अनेक घरांत सांगितल्या जातात. मुंबईत मात्र या सर्व काळात एक काम नेमाने चालू होते. दर आठवड्याला प्लेगने किती माणसे दगावली, याची नोंद ठेवली जात होती.

त्या नोंदींपैकी १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातले आकडे वीस वर्षांनी स्कॉटलंडमध्ये एडिंबरो येथे दोन माणसांच्या हाती आले. एक होते अँडरसन मॅकेन्ड्रिक. पेशाने डॉक्टर, हिंदुस्थानातल्या वैद्यकीय सेवेत अनेक वर्षे काढलेले, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे प्रमुख राहिलेले आणि प्रकृती बिघडल्यामुळे मायदेशी परतलेले. दुसरे विल्यम केरमॅक, रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेत झालेल्या अपघातात त्यांचे दोन्ही डोळे गेले, तेव्हा ते पंचविशीत होते. त्यानंतरचे सारे गणित त्यांनी डोळ्यांविना, स्मरणाच्या बळावर केले. या दोघांनी १९२७ साली साथीच्या रोगांवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात मुंबईच्या त्या आकड्यांचा आलेख आहे. आजही जगातल्या कोणत्याही विद्यापीठात साथीचे गणित शिकवायचे झाले, तर सुरुवात या निबंधापासून होते.

त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. साथ संपते कशी? लोकांची समजूत अशी असे की, एक तर रोगाचा जोर आपोआप ओसरतो किंवा लागण होऊ शकेल अशी माणसेच उरत नाहीत. केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी माणसांचे तीन गट केले. ज्यांना अजून रोग झालेला नाही ते, ज्यांना झालेला आहे ते, आणि ज्यांचे या ना त्या प्रकारे रोगाशी नाते संपले आहे, म्हणजे जे बरे झाले किंवा गेले ते. पहिल्या गटातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात माणसे कोणत्या वेगाने जातात, त्याची समीकरणे त्यांनी मांडली.

हजार मुलांच्या शाळेचे उदाहरण घेऊ. गोवरासारखा एखादा नवा आजार आला आणि प्रत्येक आजारी मूल सुरुवातीला सरासरी दोन मुलांना तो देते. एकाचे दोन, दोनाचे चार, विरजणच ते. पण पाचशे मुलांना आजार होऊन गेला, की आजारी मुलाला भेटणाऱ्या दोघांपैकी एक आधीच बरा झालेला असतो. आता एकापासून एकालाच आजार होतो आणि येथून साथ उतरू लागते. मात्र ती लगेच थांबत नाही, कारण त्या क्षणी आजारी असलेली मुले अजून वर्गात आहेत. ती थांबेपर्यंत सुमारे आठशे मुलांना आजार होतो आणि दोनशे मुले कोरडी राहतात. माणसे संपण्याच्या कितीतरी आधी साथ संपते. लाकडे उरलेली असतानाही ती विरळ झाली की वणवा विझतो, तसे हे आहे. लसीकरणाचे सारे नियोजन या एका निष्कर्षावर उभे आहे. सर्वांना लस मिळाली नाही तरी पुरेशा लोकांना मिळाली, तर न मिळालेलेही वाचतात.

हा विचार त्याआधी रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाबाबत मांडला होता. अल्मोड्यात जन्मलेल्या आणि १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहणाऱ्या या डॉक्टरांना लोक म्हणत, सगळे डास मारणे अशक्य आहे, मग काही मारून उपयोग काय? रॉस यांनी गणिताने दाखवले की सगळे मारण्याची गरजच नाही. डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली की हिवताप स्वतःच टिकू शकत नाही.

मुंबईच्या आकड्यांवर केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी आपले सूत्र बसवले आणि ते फार सुंदर बसले. डिसेंबरपासून चढत जाणारी, एप्रिलच्या सुमारास आठवड्याला जवळजवळ नऊशे मृत्यूंवर पोचणारी आणि जुलैपर्यंत उतरणारी घंटेच्या आकाराची रेषा. तिच्यावर मुंबईतल्या मृत्यूंचे ठिपके जणू ओवल्यासारखे बसले आहेत. विद्यार्थी असताना तो आलेख पाहून मी भारावून गेलो होतो.

मित्रहो, त्या आलेखात एक गफलत आहे आणि ती समजायला मला अनेक वर्षे लागली. त्या साथीत मेलेल्यांची बेरीज साधारण नऊ हजार भरते. त्या वेळी मुंबईची लोकसंख्या साडेनऊ लाखांहून अधिक होती. म्हणजे शंभरात एक माणूस गेला. ज्यांना प्लेग होई त्यांतले बहुतेक दगावत, त्यामुळे होऊन बरे झालेलेही फार नव्हते. उरलेली नव्याण्णव माणसे तशीच होती. मग लाकडे विरळ झाली कुठे? वणवा विझला कशाने?

याचे उत्तर मुंबईच्या चाळीतल्या बाईला ठाऊक होते. घरात उंदीर पडला की ती मुलांना घेऊन घर सोडत असे. प्लेग मुळात उंदरांचा रोग. उंदरांवरच्या पिसवा तो पसरवतात आणि उंदीर मेले की त्या माणसांकडे वळतात. १९०५ पासून परळमध्ये काम करणाऱ्या प्लेग आयोगाने प्रयोग करून ते सिद्धही केले होते. या पिसवांची वाढ हवामानावर अवलंबून असते. म्हणून मुंबईत प्लेग दर वर्षी हिवाळ्यात चढू लागे आणि उन्हाळा वाढला की उतरे. १९०६ सालीही तो उतरला, त्यात मोठा वाटा ऋतूचा आणि उंदरांचा होता. सूत्रात मात्र ना ऋतू होता, ना उंदीर. त्यात लागणीचा वेग पूर्ण काळ एकच धरलेला होता. भांड्याला थंडी लागते आहे की ऊन, हे कोणी पाहिलेच नव्हते.

केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो. मुंबईचा प्लेग उंदरांमुळे होतो आणि आपली गृहीतके त्याला तंतोतंत लागू पडत नाहीत, याची कबुली त्यांनी त्याच निबंधात दिली आहे. त्यांचा मूळ विचार खरा होता आणि माणसांकडून माणसांना होणाऱ्या कित्येक रोगांना तो लागू पडतो. मुंबईच्या प्लेगला तो लागू नव्हता. तरी रेषा बसली. आकड्यांवर रेषा बसणे आणि आकड्यांमागचे कारण कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मी वर्गात दर वर्षी शिकवत होतो. आणि तरीही मी चुकलो.

२०२१ चा फेब्रुवारी महिना. आदल्या सप्टेंबरमध्ये देशात दिवसाला पंचाण्णव हजारांहून अधिक कोरोना रुग्ण सापडत होते. फेब्रुवारीत तो आकडा दहा-बारा हजारांवर आला होता. ऑक्टोबरमध्ये विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने गणिती प्रारूपाच्या आधारे सांगितले होते की, काळजी घेत राहिलो तर फेब्रुवारीअखेर साथ जवळजवळ ओसरेल. मी स्वतःही रोज संध्याकाळी लखनौचे आकडे वहीत मांडत असे. माझी रेषा खाली उतरत होती आणि अगदी ठिपक्यांवर बसत होती.

आमच्या शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ राहत. सारी गल्ली त्यांना बाबूजी म्हणे. वर्षभर ते घराबाहेर पडले नव्हते. एप्रिलमध्ये त्यांच्या भाचीचे लग्न होते. एका संध्याकाळी कुंपणापलीकडून त्यांनी मला विचारले, ‘मास्टर साहब, आपका हिसाब क्या कहता है? अब जाया जा सकता है?’ मी आत जाऊन वही आणली. कुंपणावर ठेवून त्यांना रेषा दाखवली आणि म्हणालो, एप्रिलपर्यंत काही उरणार नाही, खुशाल जा.

पुढचे आपण सर्वांनी पाहिले आहे. विषाणूचे रूप बदलले होते आणि नव्या रूपाचा दुपटीचा वेग वेगळा होता. एप्रिलमध्ये लखनौत प्राणवायूच्या नळकांड्यांसाठी रांगा लागल्या. भैंसाकुंडच्या स्मशानभूमीत दिवसरात्र चिता जळत होत्या. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात देशातला आकडा दिवसाला चार लाखांवर गेला. बाबूजी लग्नाहून परत आले, ते ताप घेऊनच. आठवडाभरात ते गेले. त्यांच्या मुलाने मला कधी एक शब्दही विचारला नाही. उलट तेराव्याला, जेव्हा कोणी कोणाकडे जात नव्हते, तेव्हा त्याने कुंपणावरून प्रसादाची वाटी दिली.

मी बाबूजींना खोटे सांगितले नव्हते. पण अपुरे सांगितले होते. माझी रेषा म्हणत होती, ‘जर वेग असाच राहिला तर.’ मी तो ‘जर’ गिळून टाकला आणि फक्त ‘तर’ त्यांच्या हाती ठेवला. समितीच्या निष्कर्षात निदान ‘काळजी घेत राहिलो तर’ हे शब्द होते. माझ्या उत्तरात तेवढेही नव्हते. ज्या शाळेत मला थंडीतल्या विरजणाचा धडा मिळाला, त्या शाळेत येऊन हे कबूल करणे मला आवश्यक वाटले.

चौथी गोष्ट पुण्याची, आणि ती त्याच ‘जर’ची आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे संख्याशास्त्रज्ञ म्हणून जगभर गाजले. रोम येथील अन्न आणि शेती संघटनेत त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि निवृत्तीनंतर ते पुण्यात आले. त्याच पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर होते. १९७१ साली दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी देशातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला दररोज सरासरी २२५० कॅलरी अन्न लागते असे धरून, तेवढेही ज्यांना परवडत नाही अशांची संख्या त्यांनी मोजली.

सुखात्मे यांचा आक्षेप असा होता की, माणसाची गरज हा ठरलेला आकडा नाही. एकाच प्रकृतीच्या, एकच काम करणाऱ्या माणसाची गरजसुद्धा दिवसागणिक आणि आठवड्यागणिक कमीजास्त होते आणि शरीर स्वतःला सावरून घेते. तेव्हा सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक माणूस कुपोषित मानता येणार नाही. रेषा सरासरीच्या बरीच खाली ओढली पाहिजे. दांडेकरांचे उत्तर असे होते की, गरीब माणूस कमी खातो, तो त्याची गरज कमी आहे म्हणून नव्हे. दोघांनी हा वाद नियतकालिकांतून वर्षानुवर्षे चालवला. वरवर पाहता तो प्रमाण विचलनासारख्या रुक्ष गोष्टीचा वाद होता. पण रेषा कुठे ओढायची यावर देशात भुकेली माणसे किती, हे ठरत होते, आणि कोट्यवधी माणसे त्या दोन रेषांच्या मधे उभी होती.

यात कोण बरोबर, हे मी येथे ठरवणार नाही. जिवंत शरीर स्थिरांक नसते, हे सुखात्मे यांनी दाखवले, ते मोलाचे आहे. आणि गणितातले गृहीतक हे कोणाच्या तरी ताटाशी जोडलेले असते, ही दांडेकरांची जाणीवही तितकीच मोलाची आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की, दोघांनीही आपापला ‘जर’ चारचौघांत मांडला, म्हणून तरी त्याची परीक्षा करता आली.

पालकहो, आपल्याशी दोन शब्द बोलून मी थांबतो. मुलांना गणितात किती गुण मिळाले हे आपण विचारता, विचारावेच. पण कधीतरी त्यांना असेही विचारावे की, या उत्तरात तू काय धरून चाललास? ‘समजा’ या शब्दाने आपली उदाहरणे सुरू होतात आणि आपण तो शब्द घाईघाईने वाचून पुढे जातो. गणितातला सर्वांत जबाबदार शब्द तो आहे. आणि तो कळण्यासाठी मुलाला ज्या भाषेत आईशी भांडता येते, त्या भाषेइतकी दुसरी भाषा उपयोगी पडत नाही, असा माझा अनुभव आहे.

शाळेकडे माझी एक मागणी आहे. काल कार्यालयात गेलो, तेव्हा कपाटात साठ वर्षांचे हजेरीपट नीट बांधून ठेवलेले दिसले. कोणत्या वर्षी, कोणत्या आठवड्यात किती मुले गैरहजर होती, हे त्यांत लिहिलेले आहे. गोवर, कांजिण्या, डोळे येणे, पहिल्या पावसानंतरचा ताप, शेंगांच्या काढणीला गेलेली मुले, हे सारे त्या निळ्या-लाल शाईत आहे. नववीच्या वर्गाने दर वर्षी त्यांतला एक पट उघडावा, आठवड्याचे ठिपके मांडावेत आणि मग गावातल्या जुन्या माणसांकडे जाऊन विचारावे, त्या आठवड्यात काय झाले होते? रेषा नंतर ओढावी. आधी विचारावे. आलेखाच्या कागदांचा आणि वह्यांचा खर्च मी आनंदाने करीन. आणि पहिल्या वर्षी त्या मुलांबरोबर बसायला स्वतः येईन.

आमचे गणिताचे सर आज आपल्यात नाहीत. ते असते तर हे भाषण ऐकून त्यांनी नक्कीच विचारले असते, ‘आणि दोन चमचे घातले तर?’ मला वाटते, आता मी उत्तर देण्याआधी त्यांना विचारीन, ‘सर, भांडे कुठे ठेवले आहे?’